अभिनेता व्हायचंय? आधी मोठ्याने वाचा!

"सर, मला अ‍ॅक्टर व्हायचंय" म्हणणारी मुलं फोटो काढून घेतात, रील्स बनवतात. पण धड्याची दोन पानं मोठ्याने वाचायला सांगितली की त्यांना दम लागतो. माझं स्पष्ट मत आहे, आधी आवाज कमवा. रोज अर्धा तास वाचा, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. पुण्यात कॉलेजला गेलात तर पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत शिरा. भूमिका नाही मिळाली? नेपथ्य उचला, तालमी बघा. निम्मं तिथेच शिकाल. ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्याकडे फिरकू नका. आणि शिक्षण सोडू नका. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. डॉक्टरकी सांभाळून वर्षानुवर्षं त्यांनी हौशी नाटकं केली आणि १९६९ साली ते पूर्णवेळ नट झाले.