ब्रेक कोणाला, मोकळीक कोणाला?

'मजूर काढता येत नाहीत म्हणून जळगाव-धुळ्यात उद्योग वाढत नाहीत', हे पत्र वाचून हसू आलं. कपातीआधी सरकारी परवानगीची अट औद्योगिक विवाद कायद्यात 100 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना होती; 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा 300 वर नेली. आमच्या एमआयडीसीतल्या किती चटई कारखान्यांत, दालमिलींत हजेरीपटावर 300 नावं असतात? वर्षात 240 दिवस भरले, तर काढताना महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो. म्हणून ते भरण्याआधीच कामात 'ब्रेक'! मला असे चार मिळाले. शेवटच्या वेळी ठेकेदार गेटवरच म्हणाला, "भाऊ, उद्यापासून नको येऊ." हातातला डबा तसाच घरी आणला. मालकाला काढायची, तशी नोकरी सोडायची मोकळीक मलाही आहे म्हणे. किराणावाल्याला ती कोण समजावणार?

– एक चटई कामगार, जळगाव