घडणावळ बुडीत नव्हे

‘चांदीचे मोल वजनात, घडणावळ बुडीतच’ हे वाक्य आपल्या जुन्या घराण्यांत वेदवाक्यासारखे उच्चारले जाते. अडीनडीला दागिना मोडावा लागतो, ही व्यवहाराची बाब झाली. तिच्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती व्यवहाराची सोय हाच कलेचा निकष मानण्याविषयी. गेल्या शतकाच्या मध्यावर हातांनी घडविलेले आधुनिक वळणाचे चांदीचे दागिने या निकषाविरुद्ध साक्ष देतात.

मेक्सिकोतील तास्को गावी स्पॅनिश अमदानीपासून चांदीच्या खाणी होत्या. १९३१ साली विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकन वास्तुविशारदाने तेथे कार्यशाळा काढली, इग्वाला गावाहून सोनार आणले आणि कोलंबसपूर्व शिल्पांतील आकार दागिन्यांत उतरविले. त्याच्याकडे शिकलेल्या अंतोनियो पिनेदा, कास्तियो बंधू आदींनी पुढे स्वतःच्या कार्यशाळा थाटल्या. गावाच्या कारागिरीचे नाव जगभर झाले ते त्यानंतर. धातू तोच होता. भर पडली ती घडणीची.

१९४६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हातघडणीच्या आधुनिक दागिन्यांचे प्रदर्शन भरविले. त्यात चांदीच्या दागिन्यांशेजारी ॲनी अल्बर्स व ॲलेक्स रीड यांनी साध्या बाजारी वस्तूंतून केलेले दागिनेही होते. मोरीची जाळी आणि कागदाच्या क्लिपा यांचा हार तराजूत घालून कोणता सराफ त्याचे मोल सांगेल?

यावर कोणी म्हणेल, ‘या दागिन्यांत नक्षी नाही, मग कष्ट कसले?’ हा आक्षेप उलटा आहे. नक्षीखाली सांध्याचा दोष झाकता येतो. सपाट पत्र्यावर हातोडीचा एक चुकार घावही लपत नाही. अलेक्झांडर काल्डर तार ठोकून, वळवून दागिने करी आणि डाक देणे शक्यतो टाळी. तो १९५५ साली गिरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून अहमदाबादेस आला होता आणि तेथेही त्याने शिल्पे व दागिने घडविले. वडोदेकर वाचकांना हे गाव परके नाही.

आता मुख्य मुद्दा. जानेवारी १९८०मध्ये चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या घरात गेला, तेव्हा पाश्चात्त्य देशांतील कितीतरी जुनी घडीव चांदी मुशीत गेली. मार्चमध्ये भाव कोसळला. वितळलेले परत आले नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये चांदीने तो टप्पा पुन्हा ओलांडला. दैवदुर्विलास असा की, त्याच कारागिरांचे पितळी व तांब्याचे दागिने वाचतात, कारण ते मोडून हाती काही लागत नाही. चांदीचे मात्र मौल्यवान म्हणूनच मरतात.

हे संकट दूरदेशीचे मानू नये. आपल्या पेट्यांतील तोडे, वाळे, करंडे अनामिक हातांनी घडविलेले आहेत. त्यांची बाजू मांडायला संग्रहालयही नाही. म्हणून मागणे माफक आहे. मोडीत काढण्यापूर्वी दागिना उलटा करून शिक्का पाहावा, छायाचित्र घ्यावे, कोणाचा, कुठला, केव्हाचा हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. एवढे केल्यावरही तो विकावा लागला, तर दोष नाही. परंतु हे न करता जो केवळ काट्याकडे पाहतो, त्याने स्वतःला व्यवहारी म्हणवून घेऊ नये. बाजारात रोज मिळणारी वस्तू राखण्यासाठी पुन्हा कधीच न मिळणारी वस्तू तो देऊन बसतो.