गावाकडं परत जा म्हणणाऱ्यांना

परवा दादरच्या एका परिसंवादात एक विद्वान बोलले, खाणी मिटताहेत ते बरंच झालं, खाणकामगारांनी आता आपल्या मुळांकडं, गावाकडं परतावं. टाळ्या पडल्या. मी गोदीतली पाळी संपवून आलो होतो, मागं उभा होतो. कुठलं गाव रे भाऊ?

माझं गाव विंझर, तालुका वेल्हे. आता त्याला राजगड म्हणायचं. पाटी बदलली, वस्ती तिथंच. ज्याच्या नावावर खाचर नाही त्यानं पावसाळाभर दुसऱ्याचा चिखल तुडवायचा आन् दिवाळी झाली की पुणं नाहीतर मुंबई गाठायची. माझा आजा असाच गोदीत आला. मुंबईनं त्याच्या पाठीवर गोण्या टाकल्या, पण जोहार घालायला लावला नाही.

चंद्रपूरकडं बघा. घुग्घुस, बल्लारपूर, माजरी. कोळसा इंग्रजांच्या वेळेपासून निघतोय. १९७३ साली राष्ट्रीयीकरण झालं. पुढं जमिनीखालच्या खाणी परवडंनात म्हणून मिटायला लागल्या, उघड्या खाणी वाढल्या. तिथं अख्ख्या गँगचं काम यंत्र करतं, माती उपसायचं काम ठेकेदाराला. कायम कामगाराला निदान बदली असते. क्वार्टर सोडा, पोरांची शाळा सोडा, चला. ठेक्यावरच्याला बदलीही नाही. उद्यापासून येऊ नको, एवढंच.

आन् नव्या खाणीत नोकरी कुणाला? कोल इंडियाचं २०१२ चं धोरण सांगतं, दोन एकराला एक नोकरी. म्हणजे सातबाऱ्याला नोकरी, माणसाला नाही. ज्याच्या बापाला मढं पुरायला हक्काची जागा नव्हती त्यानं दोन एकर कुठून आणायचे? गाव खड्ड्यात गेलं तरी तो नोकरीच्या यादीत नाही. हजार वर्षं जमीन दिली नाही, आन् आता जमीन नाही म्हणून काम नाही. साला काय न्याय आहे!

कोलारच्या सोन्याच्या खाणीत तमिळ दलित शंभरावर वर्षं राबले, तीन किलोमीटर खोल उतरले. २८ फेब्रुवारी २००१ ला खाणी मिटल्या. पहाटेच्या गाडीनं तिथली माणसं बंगलोरला रखवालदारीला, झाडलोटीला जायला लागली, रात्री परत. सांगा त्यांनाही मुळांकडं जायला.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते तेव्हा, डिसेंबर १९४३ मध्ये, धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. १९४४ ला खाणकामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खेड्याबद्दल त्यांचं मत काय होतं ते ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतल्या भाषणात आहे, विद्वानांनी वाचावं. आपल्यातलेही काही आता गावाची गाणी रचायला लागलेत, त्यांनी दोनदा वाचावं.

खाण मिटवा. धूळ आम्हालाच खोकायला लागते, आम्हाला तिचं प्रेम नाही. पण मिटवायच्या आधी ठेक्यावरच्या माणसाचं नाव कागदावर चढवा, राहतं घर त्याच्या नावे करा, अन् भूमिहीनाला नोकरी द्या. मग पर्यावरण बोला.

परिसंवाद सुटल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, साहेब, तुमचं गाव कोणतं? म्हणाले, सातारकडं. वाडा आहे, पण आता तिथं कोणी राहत नाही.