शंकेला आज्ञा चालत नाही

मंत्रचळावर संमोहनाचा उतारा सुचवणाऱ्या जाहिराती पूर्वी वर्तमानपत्रांच्या छोट्या चौकटींत असत, आता त्या मोबाइलच्या पडद्यावर आल्या आहेत. दिवसभर हात धुणारा, लावलेले कुलूप तपासायला पुन्हापुन्हा जिना चढणारा, मनात आलेल्या एका अभद्र विचारापायी स्वतःला अपराधी ठरवणारा माणूस चार-सहा बैठकांत मोकळा होईल, असे त्या सांगतात. समजावणी, नवस आणि रुग्णाचा स्वतःचा निश्चय या तिन्हींना पुरून उरलेल्या विकारासमोर थकलेले कुटुंब तिकडे वळते, यात नवल नाही. नवल याचे, की हे आश्वासन सुमारे अडीचशे वर्षे जुने असूनही प्रत्येक पिढी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकते.

विकार तर त्याहून कितीतरी जुना. पुढे जेझुइट पंथाचा संस्थापक झालेला इग्नेशियस लोयोला १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसा गावी आपल्या जुन्या पापांची कबुली पुन्हापुन्हा देत होता. कबुली संपताच काहीतरी सांगायचे राहिले ही शंका उभी राही, आणि त्या यातनेत जीव देण्याचा विचारही त्याला शिवून गेला. त्याला आजचे वैद्यकीय नाव द्यावे की नाही हा वाद बाजूला ठेवू. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूने अखेर त्याला बजावले, की अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांग. आज्ञा शहाणपणाची होती आणि तरी वाया गेली, कारण त्याला प्रत्येक पाप स्पष्टच वाटत होते. सुटका झाली ती जुन्या पापांची कबुली यापुढे द्यायचीच नाही, असे त्याने स्वतः ठरवल्यावर. आधी अधिकारवाणी, मग तिला आतून पोखरणारी शंका आणि शेवटी रुग्णाने आपल्या हाताने थांबवलेली कृती, हा क्रम वैद्यकाला शास्त्र म्हणून मांडायला पुढे साडेचार शतके लागली.

मधल्या काळात अधिकारवाणीने धर्माची वस्त्रे उतरवून विज्ञानाची चढवली. १७७८ साली व्हिएन्नाहून पॅरिसला आलेल्या फ्रान्झ मेस्मरने विश्वात भरून राहिलेला एक अदृश्य द्रव आपल्या हातांतून रोग्याच्या देहात खेळवता येतो, असा दावा केला आणि सरदार-उमरावांची रांग लावली. सोळाव्या लुईने १७८४ मध्ये नेमलेल्या चौकशी मंडळात बेंजामिन फ्रँकलिन, लाव्हाझिए आणि खगोलशास्त्रज्ञ बाय्यी होते. फ्रँकलिनच्या पासी येथील बागेत मेस्मरच्या शिष्याने जर्दाळूचे एक झाड भारले, आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडापाशी नेण्यात आले. तो बेशुद्ध पडला तो चौथ्या, न भारलेल्या झाडाखाली. द्रव नाही, जे घडते ते कल्पनेने घडते, हा मंडळाचा निष्कर्ष बिनतोड होता. पण बारा वर्षांच्या मुलाला जमिनीवर लोळवणारी ही कल्पना आणखी काय काय करू शकेल, आणि तिचे बळ कोठे संपते, हा प्रश्न मंडळाने भोंदूपणाबरोबरच बाहेर टाकला. फसवणूक उघडी पाडायची आणि तिच्या आड दडलेले सत्यही केराच्या टोपलीत घालायचे, ही विद्वानांची सवय तेव्हापासूनची. आणि टाकून दिलेले सत्य उचलून पुन्हा फसवणुकीच्या कामी लावणारे कोणत्याच काळात कमी नव्हते.

तो प्रश्न उचलला एका गोवेकराने. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले पाद्री जुझे कुस्तोदियु द फारिया १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागले. द्रव खोटा आणि हातवारेही व्यर्थ. झोपणारा झोपतो तो स्वतःच्या एकाग्रतेने, झोपवणारा फक्त निमित्त, असे ते प्रेक्षकांना सांगत, आणि ही झोप प्रत्येकाला लागत नाही हेही मान्य करत. जादूगार स्वतःच जादू नाकारतो हे पॅरिसला रुचले नाही. १८१६ मध्ये रंगभूमीवर त्यांची टवाळी झाली आणि १८१९ साली, ज्या वर्षी त्यांचा ग्रंथ छापला गेला त्याच वर्षी, ते उपेक्षेत वारले. पणजीत १९४५ साली उभारलेल्या रामचंद्र पांडुरंग कामतांच्या शिल्पात मात्र फारिया मागे कोसळणाऱ्या स्त्रीवर दोन्ही हात पसरून उभे आहेत. शिल्प म्हणून ते थोर आहे. पण सारे सामर्थ्य संमोहकाच्या हातात असल्याचा जो समज मोडण्यात फारियांचे उत्तरायुष्य गेले, नेमका तोच समज त्या ब्राँझमध्ये कायमचा ओतला गेला, आणि जाहिरातींतला संमोहक आजही त्याच पवित्र्यात उभा असतो.

त्यानंतर मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने १८४३ मध्ये या अवस्थेला आजचे इंग्रजी नाव रूढ करून दिले आणि १८४५ पासून जेम्स एस्डेलने बंगालमधल्या हुगळीला भूल म्हणून तिचा वापर करत मोठमोठ्या गाठी कापल्या. वर्ष-दोन वर्षांत ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि तो अध्याय मिटला.

मंत्रचळाची आणि संमोहनाची खरी गाठ पडली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तीही पॅरिसमध्येच. १८७५ साली लग्रां द्यु सोल याने शंकेचे वेड आणि स्पर्शाची भीती यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तर १८८२ मध्ये मज्जाविकारतज्ज्ञ शार्कोने संमोहनाला विज्ञान अकादमीची दारे उघडून दिली. इकडे ना दाहाची ना ज्वराची खूण असलेला विकार, तिकडे मनाला थेट आज्ञा देण्याची युक्ती. दोन्ही जुळतील असे वाटणे स्वाभाविक होते. जुळले नाही. प्येर जाने हा संमोहनाचा निष्णात उपासक. उन्मादाच्या रुग्णांतली रुतून बसलेली कल्पना त्याने या मार्गाने पुष्कळदा उपटून काढली होती. त्याच माणसाने १९०३ च्या आपल्या बृहद्ग्रंथात नोंदवले, की अनिवार्य विचारांनी पछाडलेल्यांवर संमोहन धड चालत नाही. सूचना स्वीकारण्यासाठी क्षणभर का होईना शंका खाली ठेवावी लागते, आणि या रुग्णाला नेमके तेच करता येत नाही: मी खरोखर झोपलो होतो का, सूचना बरोबर ऐकली का, ती टिकेल का. त्याऐवजी ठरवलेली कृती मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष करून घेण्याची जी पद्धत जानेने वर्णिली, तिच्याकडे वैद्यकाने दोन पिढ्या पाठ फिरवली. फ्रॉइडही तोवर संमोहन सोडून विश्लेषणाकडे गेला होता आणि या विकाराचे अर्थ लावण्यातच अर्धे शतक गेले.

मग १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायरने दोन रुग्णांना, ज्याची भीती वाटते त्याच्या समोर नेऊन परिचारिकांच्या देखरेखीखाली त्यांचे विधी रोखले. भीती शिगेला पोहोचली आणि विधी न करताच ओसरली. या एवढ्याशा निरीक्षणावर आजची उपचारपद्धती उभी आहे. तिच्या जोडीला आधी क्लोमिप्रामिन आणि पुढे सेरोटोनिनवर काम करणारी इतर औषधे आली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००५ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले, की ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या, रुग्णाने मनोविश्लेषण किंवा संमोहन मागितले, तर त्यांचा लक्षणीय परिणाम होतो याचा खात्रीलायक पुरावा अद्याप नाही, हे त्याला कळवावे.

यावरून संमोहन थोतांड ठरत नाही. मँचेस्टरच्या पीटर व्होरवेलने १९८४ मध्ये आतड्याच्या चिवट तक्रारींवर त्याचा गुण नियंत्रित चाचणीतून दाखवला, आणि नाइलाजाने केस उपटणे, नखे कुरतडणे अशा शंकेऐवजी सवयीवर पोसलेल्या वागण्यात ते साहाय्यक म्हणून वापरून पाहण्यासारखे आहे. ओसीडीतही, भीतीला सामोरे जाण्याच्या कल्पनेनेच गळाठणाऱ्या रुग्णाला पहिल्या पायरीवर उभे करण्यासाठी एखादा प्रशिक्षित मनोविकारतज्ज्ञ त्याचा उपयोग करत असेल, तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती आज्ञेलाच औषध म्हणून विकण्याला. घरातले दिवसातून दहादा ‘हो रे, लागलंय कुलूप’ म्हणतात तेव्हा रुग्णाला घटकाभर बरे वाटते, आणि त्या घटकाभराच्या बरे वाटण्यावरच विकार पोसतो. बंद खोलीत, धीम्या आवाजात उच्चारलेले ‘तुमचे हात स्वच्छ आहेत’ हे त्याच दिलाशाचे महागडे रूप आहे, आणि ते ओसरले की रुग्ण पुढची बैठक मागतो, जसा घरी तो पुन्हा एकदा विचारतो.

आपल्याकडे हे अधिक खपते याला कारण आहे. भीतीला सामोरे नेण्याचे तंत्र शिकलेले मानसोपचारक मोठ्या शहरांबाहेर मिळणे अवघड, ते उपचार नकोसे आणि चिकाटीचे. उलट संमोहनाचे प्रमाणपत्र शनिवार-रविवारच्या वर्गात मिळते आणि रुग्णाला फक्त डोळे मिटायचे असतात. म्हणून बैठकांचे पैसे भरण्याआधी कुटुंबाने एवढे तरी विचारावे, की दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत रुग्णाने घरी काय करायचे आहे, आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांचे काय. गोळ्या बंद करा असे उत्तर आले, तर तिथून उठून मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. लक्षणे सुरू झाल्यापासून योग्य उपचारापर्यंत पोहोचायला या रुग्णांची आधीच बरीच वर्षे गेलेली असतात.