गिटार मे महिन्यात बघावी

बेसा-बेलतरोडीकडे प्लॉट घ्यायचा असेल तर तो ऑगस्टमध्ये बघून यावा, हे नागपुरात पानठेल्यावरचा माणूसही सांगतो. फेब्रुवारीत सगळेच प्लॉट छान दिसतात. तळं कुठे होतं आणि रस्ता चिखलात कुठे जातो, ते पावसाळा दाखवतो. जुन्या गिटारचं याच्या उलट आहे. ती मे महिन्यात बघावी, तीही भर दुपारी, आणि जमलं तर एसी बंद करून. हे ज्ञान मला सत्तेचाळिसाव्या वर्षी झालं, आणि ते होईपर्यंत घरच्यांचा धीर संपत आला होता.

गिटारचं खूळ कुठून आलं ते विचारू नका. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, संध्याकाळी घरात फ्रीजचा आवाज ऐकू यायला लागला, आणि मनीषनगरात एक सर गिटार शिकवतात असं कळलं. सर माझ्या भाच्याच्या वयाचे. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर म्हणते, आणि दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं होतं. महिनाभर क्लासची गिटार वापरल्यावर ते म्हणाले, "मॅडम, आता स्वतःची घ्या. पण मला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका."

मिहानात नोकरी करणाऱ्याला गिटार शोधायला लांब जावं लागत नाही. मिहान म्हणजे मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब वगैरे. त्यातला कार्गो किती आला हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, गिटारी मात्र भरपूर येतात आणि जातात. आयटी कंपन्यांमधली पोरं, एम्सचे निवासी डॉक्टर, दहेगावच्या आयआयएममधली मुलं ही सगळी दोन-तीन वर्षांच्या मुक्कामाला आलेली माणसं. पहिल्या पगारात गिटार येते, चार कॉर्ड येतात, पाचव्या कॉर्डला बोटं दुखतात, मग ती भिंतीवर जाते. बदलीचा मेल आला की दुसऱ्या दिवशी तिचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर, दुचाकी आणि गादीच्या मधोमध.

आमच्याच मजल्यावरचा एक मुलगा हैदराबादला चालला होता. "मॅम, सॉलिड टॉप आहे. नवीन अठ्ठावीस हजारांची. तुम्हाला चौदाला." व्यवहार खापरी मेट्रो स्टेशनच्या पार्किंगमध्ये ठरला. सरांनी मला दोन हत्यारं देऊन पाठवलं होतं. एक व्हिजिटिंग कार्ड आणि एक कागदाचा कपटा.

कार्ड मानेसाठी. सर्वांत जाड तार पहिल्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, आणि चौदाव्या पट्टीवर एकदम दाबायची. मधल्या भागात तार आणि पट्टी यांच्यामध्ये कार्डाच्या जाडीएवढी फट हवी. जास्त असेल तर मान पुढे वाकली आहे, मुळीच नसेल तर मागे. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती पान्यानं फिरवून हा बाक सुधारता येतो, म्हणून एवढ्यावर घाबरायचं नाही. कागदाचा कपटा मात्र घाबरण्यासाठीच. तारा जिथे पोटावर बांधलेल्या असतात ती घोडी, म्हणजे ब्रिज, लाकडाला नुसत्या गोंदानं चिकटवलेली असते. तिच्या मागच्या कडेखाली कपटा सरकवून बघायचा. जायला नको.

माझा कपटा गेला. चांगला बोटभर आत गेला.

घोडीच्या मागे पोटही फुगलेलं होतं. आणि खाली, लाकडाच्या रेषेला धरून, केसाएवढी भेग. मुलगा खरोखरच चकित झाला. त्यानं ती आदल्या ऑगस्टमध्ये कुणाकडून तरी घेतली होती, तेव्हा भेग नव्हती असं तो शपथेवर सांगत होता. मग हळूच म्हणाला, "क्लास संध्याकाळी असायचा ना, मॅम. सकाळीच डिकीत टाकून यायचो." आमच्या ऑफिसचं पार्किंग उघडं आहे. मे महिन्यात दुपारी त्या गाड्यांच्या दाराला हात लावला तरी चटका बसतो. आत साठ अंशांच्या वर तापमान जातं, आणि तेवढ्यात गोंद मऊ पडायला लागतो. बारा गेजच्या संचातल्या सहा तारा मिळून गिटारला सत्तर किलोच्या आसपास ओढ देतात. एक भरला माणूस त्या तीन मिलिमीटरच्या फळीला दिवसभर लटकलेला आहे असं समजा, आणि खालचा गोंद मऊ होतो आहे.

भेगेबद्दल मात्र मी त्याच्यावर विश्वास ठेवला. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं, आणि रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं-आकसतं. गिटार बनवणारे कारखान्यात हवेची आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के ठेवतात, आणि बाहेरही तिला तेवढीच मानवते. मी चारशे रुपयांचं ह्युमिडिटी मीटर आणून दिवाणखान्यात ठेवलं आहे. मेमध्ये दुपारी तीन वाजता त्यानं १७ दाखवले, जुलैत ८४. त्यामुळे ऑगस्टमध्ये लाकूड फुगून भेग मिटते. हात फिरवा, नख लावा, काही लागत नाही. मे आला की ती पुन्हा उघडते. मानेच्या कडेला पट्ट्यांची टोकं करवतीसारखी बोटांना लागायला लागतात तीही मेमध्येच, कारण लाकूड आकसतं आणि धातू तेवढाच राहतो. पोट खाली बसतं, तारा पट्ट्यांवर घासून झणझणतात. पावसाळ्यात जुनी गिटार विकणारा खोटं बोलतो असं नाही. त्या दिवसांत गिटारच खोटं बोलते.

एसीचं ऑफिस सुरक्षित, असा आमच्याकडे एक समज आहे. एसी हवा थंड करताना तिच्यातलं पाणीही काढून घेतो. आमच्या ऑफिसातली सार्वजनिक गिटार (अशी एक असते, कंपनीच्या संस्कृतीचा भाग म्हणून) बारा महिने उन्हाळ्यात राहते.

गंमत म्हणजे हल्ली मोठ्या कंपन्या महागड्या गिटारींचं लाकूड भट्टीत घालून भाजतात. नव्या लाकडाला जुन्यासारखा आवाज यावा म्हणून. त्याचे वेगळे पैसे घेतात. नागपूरकरानं यावर काय बोलावं? २०२४ च्या मेअखेरीस इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले होते. यंत्र बिघडलं होतं असं नंतर जाहीर झालं, पण बातमी आली त्या दिवशी आमच्या मजल्यावर कुणालाही ती खोटी वाटली नव्हती.

घरी हे सगळं जेवताना सांगत होते. ह्यांचे काका ऐकत होते. काका मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले, आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि जेवताना बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "काहून फिरून राह्यली व? माझी आहे न वरती."

वरती म्हणजे त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर, लाल चादरीत. वीस वर्षं मी त्या गाठोड्याला जुना तंबोरा समजत होते.

काकांनी ती १९७९ मध्ये कलकत्त्याहून आणली. गीतांजली एक्स्प्रेस सुरू होऊन तेव्हा दीडेक वर्ष झालं होतं. नागपूरच्या रेल्वेवाल्यांना कलकत्ता परकं नव्हतंच. बंगाल-नागपूर रेल्वेचं नाव जाऊन बरीच वर्षं झाली तरी वर्कशॉपमधली जुनी माणसं बीएनआरच म्हणायची. आणि गिटार म्हणजे कलकत्ताच. मुंबईत धोबीतलावला १८६५ पासूनचं फुर्ताडोचं दुकान होतं, गोव्यात घरोघरी गिटार होती, पण स्वस्तात देशी गिटार हवी तर कलकत्त्याची. तिथली नावं बघा. अमेरिकेची गिब्सन, तर कलकत्त्याची गिवसन. जर्मनीची हॉफनर, तर कलकत्त्याची हॉबनर. एका अक्षराचा फरक आणि किमतीत अख्ख्या गाडीचा.

चादर सोडली तेव्हा तारा पट्ट्यांपासून इतक्या उंच होत्या की खालून पेन्सिल जाईल. माझा चेहरा पडला. काका म्हणाले, "हवाईयन आहे ते. मांडीवर ठेवून वाजवतेत."

जुनी गिटार बघायला निघालेल्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं. त्या काळात आपल्याकडे, विशेषतः बंगालमध्ये, गिटार शिकणं म्हणजे बरेचदा हवाईयन गिटार शिकणं. आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी दांडा घेऊन तारांवरून सरकवायचा. सुनील गांगुलींच्या सिनेगीतांच्या रेकॉर्डी घरोघरी वाजायच्या. ब्रिजभूषण काबरांनी तर त्याच पद्धतीवर राग उभे केले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे. मींड घेता येते म्हणून आपल्या कानाला ती लवकर पटली असावी. त्यासाठी तारा उंच हव्यात, मग मानेच्या टोकाला एक धातूची पट्टी बसवत. कित्येक जुन्या गिटारी याच अवस्थेत कपाटांवर आहेत, आणि बघणारा "मान गेली" म्हणून परत ठेवतो. ती पट्टी बहुधा नुसती तारांच्या दाबानं बसलेली असते. तारा सैल केल्या की हातात येते.

अमेरिकेत विंटेज म्हणतात त्याला मात्र वेगळे कायदे आहेत. मार्टिन कंपनीनं १९६९ मध्ये आपल्या प्रसिद्ध गिटारींसाठी ब्राझीलचं शिसव सोडून भारतातलं शिसव घ्यायला सुरुवात केली, कारण ब्राझीलचे ओंडके मिळेनासे झाले होते. तेव्हापासून तिकडचे शौकीन १९६९ च्या आधीची आणि नंतरची असा भेद करतात, आणि आधीचीला कितीतरी पट मोजतात. म्हणजे आपलं शिसव लागलं तिथे त्यांच्या लेखी सुवर्णकाळ संपला! ऐकून बरं वाटत नाही. सरांचं मत असं की डोळे बांधून ऐकवलं तर निम्म्यांना फरक सांगता येणार नाही. कोणी वाजवली यालाही किंमत असते. कर्ट कोबेनची १९५९ ची मार्टिन २०२० मध्ये लिलावात साठ लाख डॉलरला गेली. आपल्या घरात विंटेज म्हणजे वरच्या फळीवरची, आणि तिची किंमत चादर सोडल्यावर कळते.

मधल्या शनिवारी मेट्रोनं सीताबर्डीला जाऊन दुकानही बघून आले. दुकानातला मुलगा इतकं सुरेख वाजवतो की त्याच्या हातात सुपारीचा डबा दिला तरी आपण विकत घेऊ. एक गोष्ट तिथे शिकले. गिटारचा आवाज समोर जातो, वाजवणाऱ्याला तो अर्धाच ऐकू येतो. म्हणून एकच चाल त्याला तीन गिटारींवर वाजवायला लावायची आणि आपण चार पावलं पुढे, पाठ करून उभं राहायचं. पाठ केल्यावर मला वीस हजारांची सॉलिड टॉप ओळखता आली. आवाज खोल होता, तार सोडल्यावर तो खोलीत जरा वेळ राहिला. त्याशेजारी नऊ हजारांची लॅमिनेट, म्हणजे प्लायची, जरा बंद वाटली.

तरी मी नऊ हजारांचीकडे झुकत होते. सॉलिड म्हणजे एकपदरी लाकूड. भोकाच्या कडेला वरच्या रेषा आतपर्यंत सलग उतरलेल्या दिसतात, त्यावरून ओळखायचं. प्लायमध्ये पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, एक थर आकसायला निघाला की दुसरा त्याला धरून ठेवतो. जाणकार लॅमिनेटला नाकं मुरडतात. त्यांनी एक उन्हाळा वर्धा रोडवर काढावा. सॉलिड घेतली की पेटीत ओल्या स्पंजाची, भोकं पाडलेली साबणदाणी ठेवायची, रोज तो भिजवायचा, मीटर बघायचं. माझ्या घरात तुळससुद्धा स्वतःच्या हिमतीवर जगते.

सरांना काकांची गिटार दाखवायला एका संध्याकाळी घरी बोलावलं. त्यांनी तारा सैल केल्या, पट्टी काढली, नव्या तारा चढवल्या आणि माझा कपटा मागितला. गेला नाही. कार्ड बरोबर बसलं. पट्ट्यांच्या टोकांवरून बोट फिरवलं, कुठे लागलं नाही. सर बराच वेळ गिटारकडे बघत होते. मग खोलीकडे बघितलं. खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, चाळीसेक उन्हाळे दुपारभर ओली हवा फेकणारा. आम्ही काकांना एसी लावून द्यायला निघालो होतो तेव्हा त्यांनी नाही म्हटलं होतं, ते बरंच झालं म्हणायचं. शिवाय दर होळीला काका तारा सैल करून ठेवायचे, आणि पोळा झाला की कसायचे. वाजवणं बंद झालं होतं, ही सवय गेली नव्हती.

"मॅडम, दुकानातली नको," सर म्हणाले. "हीच घ्या."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी गिटार आडवी करून मांडीवर घेतली होती.

"हे? हे कायले देऊ? चालू हाय न आता." मग उठून खिळ्यांच्या पेटीतून मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. लेथवर स्वतः वळवलेला पोलादी दांडा, अजून लखलखीत. धातूची पट्टी त्यांनी सरांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली.

रविवारी मी नऊ हजारांची लॅमिनेट घेऊन आले. आता रोज आठ वाजता माझा सराव समोरच्या खोलीत, काकांचा आतल्या खोलीत, मध्ये कूलर. काल मी तिसऱ्या कॉर्डवर अडले होते तर आतून आवाज आला, "पाचवी तार उतरली व तुझी." ट्यूनर लावून बघितलं. उतरली होती.