घरच्या तसबिरीची तयारी

घरातील सर्व माणसांची एकत्र तसबीर काढावयाचे ठरले, की घर घाटावरील असो वा घाटाखालील, पहिली धावपळ कपड्यांची होते. कोणी नवे उपरणे शोधतो, कोणी शेजारणीचा हार मागून आणते, लहानग्यांच्या तोंडाला पावडर फासली जाते. कोण आले आणि कोण राहिले, याचा विचार मात्र शेवटी होतो किंवा होतच नाही. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. तसबिरीची खरी तयारी ही वस्त्रांची नसून माणसांची होय.

१८३९ साली ही कला जगापुढे आली, तेव्हा एका चित्रासाठी कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे आणि खर्चही मोठा असे. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाईल क्षणात चित्र टिपतो. तरीही आजी निवर्तल्यावर भिंतीवर लावण्याजोगी तिची एक तसबीर अनेक घरांत सापडत नाही. कोणाच्या तरी लग्नातील गर्दीतून तिचा अर्धा चेहरा कापून मोठा करावा लागतो. साधन वाढले, पण आस्था वाढली नाही.

तसबिरीबाहेर कोण राहते, हेही पहावे. आई चुलीपाशी असते. अंथरुणास खिळलेले आजोबा आतल्या खोलीत असतात. विधवा आत्या ‘मला कशाला?’ म्हणून दाराआड होते. ज्यांच्या कष्टांवर घर उभे राहिले, तेच त्याच्या चित्रात नसावेत, हा न्याय नव्हे. आजोबांना उठवत नसेल, तर सर्वांनी त्यांच्या खाटेभोवती उभे रहावे. आत्याबाईंना हाताला धरून पुढील रांगेत बसवावे. अशा प्रसंगी तिला दूर ठेवणारी रूढी मोडण्यास याहून सोपी संधी कोणती?

वेषाविषयी एक उदाहरण देतो. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फिया येथे स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनींची तसबीर काढली गेली. आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली या तिघी तीत आपापल्या देशाच्या वेषात आहेत. तिघींची नावे व गावे खाली लिहिलेली असल्यामुळे आजही पाहणारास कोण कोठली, हे विचारावे लागत नाही. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच निवर्तल्या. तसबीर उद्यावर ढकलू नये, हा बोधही यातूनच घ्यावा.

विद्यार्थी मित्रहो, दिवाळीत परगावी गेलेली माणसे घरी येतात. तेव्हा एका सकाळी, ऊन कोवळे असताना, सर्वांना अंगणात जमवा. दुपारचे ऊन टाळा. त्याने डोळे मिटतात व चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. आजीला तिचे नेहमीचे लुगडेच नेसू द्या. मग ते चित्र कागदावर छापून घ्या आणि पाठीमागे मऊ पेन्सिलीने तारीख, गाव व डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव लिहा. नावे विचारण्यास आजीजवळ बसाल, तेव्हा तिच्या माहेरचे नाव आणि गावही विचारून घ्या. ते आज तुमच्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?