सड्यावरचा माल कच्चा जाऊ देऊ नका

राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा आणि चंदगड तालुक्यांतील ग्रामस्थ, सरपंच, बचत गटांच्या भगिनी आणि तरुण मित्रहो,

दुर्गमानवाड, कासारसडा यांसारख्या सड्यांवरचे बॉक्साइट अनेक वर्षे डंपरमधून बेळगावच्या कारखान्यात गेले. तिथे त्याचा अ‍ॅल्युमिना झाला, पुढे आणखी कुठे तरी धातू झाला आणि प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढत गेली. पहिल्या टप्प्याची मजुरी, गाडीभाडे, धूळ आणि उकरलेली जमीन एवढेच गावाकडे राहिले. खाणीवर राबलेल्यांचे कष्ट खरे आहेत, त्या पैशावर घरे उभी राहिली हेही खरे. पण आपण तोट्यात राहिलो ते माल कच्चाच विकल्यामुळे. खाणीनंतरच्या ‘हरित’ विकासाच्या गप्पा आता सुरू झाल्या आहेत. काजू, मध आणि नाचणीही अशीच कच्ची बाहेर गेली, तर नाव बदलेल, हिशेब तोच राहील.

काजूचेच बघा. बी वाळवायची, वाफवायची, टरफल फोडायचे, गर पुन्हा सुकवून साल काढायची आणि मग पांढरा, अख्खा, पाकळी, तुकडा असा निवडायचा. भाव चढतो तो या कामांत, आणि यातले बहुतेक काम बायकांच्या हातांनी होते. टरफलातल्या तेलाला उद्योगांत मागणी आहे. बोंडू मात्र झाडाखालीच सडतो. आजरा-चंदगड भागात प्रक्रियेचे कारखाने आहेत, त्यामुळे कसब शिकायला लांब जायची गरज नाही. सड्याखालच्या वाड्यांनी एकत्र येऊन स्वतःचे युनिट काढले, तर बी मोसमात पडत्या भावाने विकावी लागणार नाही. गावाच्या नावावर माल ओळखला जाण्याची उदाहरणेही जवळच आहेत. भुदरगडमधले पाटगाव मधाचे गाव म्हणून पुढे आले. आजरा घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. एकीने धंदा कसा उभा करायचा, हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको: १९६३ पासून ‘गोकुळ’ गावोगावच्या संस्थांमधून दूध गोळा करते आहे.

‘कातळावर काय पिकणार?’ असे विचारले जाते. सड्याचे मोठे पीक पाणी आहे. सच्छिद्र जांभ्यातून पाऊस मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतो आणि कड्याच्या पायथ्याला झरा होऊन बाहेर येतो. खालची भातखाचरे आणि पाणवठे त्यावरच चालतात. म्हणून खाणीची जागा पूर्ववत करणे हे मला शोभेचे काम वाटत नाही. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा लावून ते होतही नाही. खड्डा भरायचा, वेगळी ठेवलेली वरची माती परत पसरायची आणि स्थानिक गवत, करवंद, जांभूळ यांना जम बसू द्यायचा, असे ते काम आहे.

‘खाण थांबली तर डंपरवाले, पोकलेनवाले काय खाणार?’ हा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण खनिज एकदाच निघते. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात नव्या खाणींना बंदी आहे. चालू खाणी अंतिम अधिसूचनेनंतर ५ वर्षांत किंवा पट्टा संपताच बंद करायच्या आहेत. मसुदा लांबेल, त्यात बदलही होतील, म्हणून पोटापाण्याची सोय त्याच्यावर सोडून चालणार नाही. शिवाय सडा दुरुस्त करताना माती वाहणे, उतार बांधणे, चर काढणे याला हीच यंत्रे आणि हेच चालक लागतात. ते काम आधी त्यांनाच मिळाले पाहिजे.

पैशाची वाटही आहे. खनिज कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान निर्माण झाले. जुन्या पट्टेदारांनी रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातून पट्टा घेणाऱ्यांनी १० टक्के रक्कम त्यात भरायची असते. हा निधी खाणबाधितांसाठी आहे, पण त्यातून समाजमंदिर आणि रस्तेच मागितले तर तेच मिळतील. येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा: आपल्या हद्दीतील खाण बंद करण्याचा आराखडा गावाला मराठीत मिळावा, झऱ्यांची नोंद करून त्यांच्या वरचा सडा आधी दुरुस्त व्हावा, आणि प्रतिष्ठानच्या निधीतून गावांच्या संयुक्त प्रक्रिया केंद्राला भांडवल मिळावे. ठरावाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घ्या. शेजारच्या गावालाही सोबत घ्या, कारण एका वाडीच्या काजूवर युनिट वर्षभर चालत नाही.